बंद पडलेल्या सीएनसी यंत्राला नवा नियंत्रक : मुक्त संगणक-प्रणालीची उभारणी आणि दोषशोध

लहान कारखान्यांच्या वसाहतीत एखाद्या शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीने झाकलेले सीएनसी लेथ किंवा मिलिंग मशीन उभे असणे ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. त्याचा बिडाचा सांगाडा भक्कम असतो, मार्गिका व बॉलस्क्रू फारसे झिजलेले नसतात, स्पिंडल हाताने सहज फिरते. बिघडलेला असतो तो केवळ त्याचा नियंत्रक. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे इलेक्ट्रॉनिक कार्ड आता मिळत नाही. स्मरणकोश राखणारी छोटी बॅटरी संपल्यामुळे यंत्राची सारी मापे पुसली गेलेली असतात. आणि नवा नियंत्रक बसविण्याचा खर्च यंत्राच्या बाजारभावाहून अधिक सांगितला जातो. मग चांगले यंत्र भंगाराच्या भावाने विकले जाते आणि त्यावर काम करणारा कुशल कारागीर दुसरीकडे वळतो.

अशा यंत्राला सामान्य संगणक आणि मुक्त स्वरूपात उपलब्ध असलेली प्रणाली यांच्या साहाय्याने पुन्हा कामाला लावता येते. जगात अनेक ठिकाणी हे घडत आहे. तथापि, प्रणाली विनामूल्य मिळते म्हणून काम सोपे होते, असे मात्र नव्हे. यश अवलंबून असते ते पद्धतशीर मापनावर आणि दोष शोधण्याच्या शिस्तीवर. ही शिस्त कोणती, हे विशद करणे हाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वेतिहास

यांत्रिक हत्यारांना आकड्यांच्या भाषेत आज्ञा देण्याची कल्पना सत्तर वर्षांहून जुनी आहे. हेलिकॉप्टरची पाती तयार करण्याच्या कामातून जॉन पार्सन्स या अमेरिकन उद्योजकाला ती सुचली. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेने १९५२ साली छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून आज्ञा घेणाऱ्या मिलिंग यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. कालांतराने फितीची जागा संगणकाने घेतली. परंतु प्रत्येक उत्पादकाचा नियंत्रक वेगळा, त्याचे अंतरंग गुप्त आणि दुरुस्ती त्याच्याच हाती, अशी स्थिती निर्माण झाली.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या शासकीय संस्थेने १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर’ हा प्रकल्प हाती घेतला. शासकीय खर्चाने झालेले काम असल्याने ते सर्वांसाठी खुले राहिले. पुढे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवी तंत्रज्ञांनी ते वाढविले, आणि नामसाधर्म्यावरून एका कंपनीशी निर्माण झालेला प्रश्न मिटविण्यासाठी २०११-१२ च्या सुमारास त्याला ‘लिनक्स सीएनसी’ हे नाव देण्यात आले. ही प्रणाली मुक्त परवान्याखाली दिली जाते. याचा अर्थ तिची आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि दुसऱ्यास देता येते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या डेबियन १२ या लिनक्स-आवृत्तीत तिचा समावेश झाल्याने ती संगणकावर घेणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे.

कोणते यंत्र निवडावे?

प्रत्येक जुने यंत्र या कामास योग्य असतेच असे नाही. प्रथम यंत्राचे ‘लोखंड’ पारखावे. मार्गिका मधल्या भागात खोल झिजल्या असतील, स्पिंडलच्या बेअरिंगमधून आवाज येत असेल किंवा बॉलस्क्रूला मोठा प्ले असेल, तर नवा नियंत्रक हे त्यावरील औषध नव्हे. झिजलेल्या यंत्राला कितीही उत्तम संगणक जोडला तरी जॉब अचूक येणार नाही.

दुसरी पारख मोटर व ड्राइव्ह यांची. स्टेपर मोटर किंवा दहा व्होल्टपर्यंतचा ऋण-धन विद्युतदाब आज्ञा म्हणून घेणारे सर्व्हो ड्राइव्ह असतील तर काम सुकर होते. उलट, ड्राइव्ह आणि मूळ नियंत्रक उत्पादकाच्या खास सांकेतिक भाषेतच परस्परांशी बोलत असतील, तर ड्राइव्हही बदलावे लागण्याची शक्यता असते व सारे आर्थिक गणित फिरते. ज्या यंत्रावर रोजचे उत्पादन सुरळीत चालू आहे आणि ज्याला उत्पादकाची सेवा मिळत आहे, त्याला हात न लावणेच इष्ट. पहिला प्रयोग बंद पडलेल्या, साध्या, दोन किंवा तीन अक्षांच्या यंत्रावर करावा.

यंत्र खोलण्यापूर्वी

पॅनेलमधील एकही तार सोडविण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. सर्व बाजूंनी स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक तारेस दोन्ही टोकांना क्रमांकाची पट्टी लावावी. जुना नियंत्रक थोडा वेळ जरी चालू होत असेल तर त्यातील मापे लिहून घ्यावीत. आणि यंत्राची एक स्वतंत्र नोंदवही सुरू करावी. पुढे प्रत्येक बदल तिच्यात तारखेसह लिहावयाचा आहे.

विजेचा मुख्य पुरवठा बंद केल्यावरही ड्राइव्ह व व्हीएफडी यांच्यातील कपॅसिटरमध्ये काही मिनिटे घातक विद्युतदाब शिल्लक राहतो. म्हणून उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून, मल्टिमीटरने खात्री करूनच हात घालावा. उभ्या अक्षाचे वजन मोटरच्या ब्रेकवर तोललेले असते. ब्रेक सुटताच स्पिंडलचे डोके खाली येऊ शकते. त्याखाली भक्कम लाकडी ठोकळा दिल्याखेरीज काम सुरू करू नये.

संगणकाची पारख

कार्यालयीन कामात संगणकाने क्षणभर उशीर केला तर कोणाचे काही बिघडत नाही. यंत्र चालविताना मात्र तोच क्षण मोलाचा असतो. लिनक्स सीएनसी प्रणाली साधारणपणे दर एक मिलिसेकंदाला प्रत्येक अक्षाची जागा वाचते, पुढची जागा ठरविते आणि आज्ञा देते. हे काम वेळच्या वेळी व्हावे म्हणून लिनक्सचा ‘रिअल टाइम’ स्वरूपाचा गाभा वापरावा लागतो. पूर्वी त्यासाठी वेगळी जोड द्यावी लागे. २०२४ मधील लिनक्स ६.१२ पासून ही क्षमता मूळ गाभ्यातच समाविष्ट झाली आहे.

संगणक कितपत वक्तशीर आहे हे तपासण्यासाठी प्रणालीसोबत ‘लेटन्सी टेस्ट’ ही चाचणी मिळते. ती संगणक मोकळा ठेवून नव्हे, तर त्याच्यावर ताण देऊन घ्यावी. मोठ्या फाइली उतरवाव्यात, खिडक्या उघडझाप कराव्यात, चित्रफीत चालू ठेवावी आणि निदान काही तास हे चालू द्यावे. त्यात दिसणारा सर्वाधिक विलंब हाच महत्त्वाचा असतो, सरासरी नव्हे. हा विलंब १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर स्टेपर मोटरचे स्पंद संगणकाकडूनच निर्माण करता येतात. ३० ते ५० मायक्रोसेकंद असेल तर काम होते, पण गतीवर मर्यादा येते. १०० मायक्रोसेकंदांच्या पुढे मात्र स्पंद निर्माण करण्याचे काम स्वतंत्र कार्डाकडे सोपवावे लागते. मेसा इलेक्ट्रॉनिक्स या अमेरिकन कंपनीची अशी कार्डे या कामात बरीच वापरली जातात. विलंब एक मिलिसेकंदाहून अधिक असेल तर तो संगणक या कामासाठी बाजूलाच ठेवावा.

विलंब अधिक आढळल्यास संगणक टाकून देण्यापूर्वी त्याच्या मूळ मांडणीत जाऊन वीजबचतीच्या सोयी आणि हायपर-थ्रेडिंग बंद करून पाहावे. एकाहून अधिक गाभ्यांचा प्रोसेसर असेल तर त्यातील एक गाभा केवळ यंत्रासाठी राखून ठेवता येतो. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. लॅपटॉप शक्यतो वापरू नये, कारण त्यांतील वीजबचतीची यंत्रणा पूर्णपणे बंद करता येत नाही. यूएसबीला प्रिंटरचा जुना पॅरलल पोर्ट जोडून देणारी जी केबल बाजारात मिळते, ती येथे निरुपयोगी आहे. यंत्राला लागणारी वेळेची अचूकता यूएसबीच्या मार्गाने साधत नाही.

सुरक्षेची साखळी प्रथम

उत्साहाच्या भरात मोटर फिरवून पाहण्याची घाई होते. ती टाळावी. पहिली जोडणी इमर्जन्सी स्टॉपची करावी. हे लाल बटण दाबताच कॉन्टॅक्टर सुटून ड्राइव्हचा वीजपुरवठा थेट तुटला पाहिजे. संगणकाला त्याची केवळ सूचना मिळावी. यंत्र थांबविण्याची जबाबदारी संगणकावर सोपवू नये. जो संगणक अडकून पडला आहे, त्यालाच थांबण्याची विनंती करण्यात अर्थ नाही.

लिमिट स्विच आणि इमर्जन्सी स्टॉप यांचे संपर्क सामान्य स्थितीत जोडलेले असावेत. असे केल्यास तार तुटली, स्क्रू सैल झाला किंवा उंदराने केबल कुरतडली तरी यंत्र थांबते. याच्या उलट जोडणीत तार तुटल्याचे कळते ते अपघात झाल्यावर.

आखणी आणि पायरीचे गणित

स्टेपर यंत्रासाठी ‘स्टेपकॉन्फ’ हा मार्गदर्शक विभाग प्रश्न विचारत जातो आणि उत्तरांवरून यंत्राची मांडणी तयार करतो. मेसा कार्डांसाठी ‘पीएनसीकॉन्फ’ हा तशाच स्वरूपाचा विभाग आहे. मांडणी मुख्यतः दोन प्रकारच्या फाइलींत राहते. एकीत यंत्राची मापे व मर्यादा असतात. दुसरीला ‘हॅल’ म्हणतात. तिच्यात कोणता संकेत कोठून कोठे न्यावयाचा हे लिहिलेले असते. पॅनेलमधील टर्मिनल पट्टीवर आपण जशा तारा जोडतो, तशाच या संगणकातील तारा होत, असे समजण्यास हरकत नाही. या दोन्ही फाइली साध्या अक्षरांत असल्याने वाचता येतात व त्यांची प्रत ठेवता येते.

मुख्य आकडा असतो एक मिलिमीटर सरकण्यासाठी लागणाऱ्या स्पंदांचा. समजा, मोटरला एका फेऱ्यास २०० पायऱ्या आहेत आणि ड्राइव्हने प्रत्येक पायरीचे १० भाग केले आहेत. म्हणजे एका फेऱ्यास २,००० स्पंद लागतील. बॉलस्क्रूची पिच ५ मिलिमीटर असून तो मोटरला थेट जोडला असेल, तर २,००० भागिले ५ म्हणजे ४०० स्पंद दर मिलिमीटरला. मध्ये दोनास एक प्रमाणाची पुली असेल तर हाच आकडा ८०० होईल.

यावरून गतीची मर्यादाही कळते. संगणकाला दर सेकंदाला १०,००० स्पंद देता येत असतील, तर ४०० ने भागून दर सेकंदाला २५ मिलिमीटर, अर्थात मिनिटाला १,५०० मिलिमीटर एवढीच गती मिळेल. याहून अधिक गती फाइलीत लिहिली म्हणून मिळत नाही. यंत्र मात्र इशारा देऊन थांबते. स्टेपर मोटरचा जोर गती वाढेल तसा घटतो, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून आरंभी गती व प्रवेग कमी ठेवून, यंत्र व्यवस्थित चालल्यावर ते टप्प्याटप्प्याने वाढवावेत.

माप चुकते तेव्हा

जॉबचे माप चुकले की स्पंदांचा आकडा बदलून मोकळे होण्याकडे कल असतो. येथेच अनेक प्रयत्न फसतात. मापातील चूक तीन प्रकारची असते आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. ती ओळखण्यासाठी एक डायल गेज, खात्रीचे मापक आणि थोडा धीर पुरेसा आहे.

पहिला प्रकार अंतराच्या प्रमाणात वाढणाऱ्या चुकीचा. ५० मिलिमीटरला जेवढी चूक, त्याच्या दुप्पट १०० मिलिमीटरला आढळते. हा दोष स्पंदांच्या आकड्याचा होय. तथापि, येथेही आकडा नुसता जुळवून घेऊ नये. तो तसा का आला हे विचारावे. उदाहरणार्थ, वरील मांडणीत १०० मिलिमीटरची आज्ञा दिली असता स्लाइड १०१.६ मिलिमीटर सरकली, तर तो योगायोग नव्हे. यंत्राचा स्क्रू ५ मिलिमीटर पिचचा नसून इंची आहे, एका इंचात पाच फेरे म्हणजे ५.०८ मिलिमीटर पिचचा आहे, असे ते माप सांगते. २,००० भागिले ५.०८ म्हणजे ३९३.७० हा खरा आकडा. जो आकडा पुली, स्क्रू आणि मोटर यांच्या हिशेबातून येत नाही, त्याच्यामागे दुसरा दोष लपलेला असण्याची शक्यता धरावी.

दुसरा प्रकार दिशा बदलताना येणाऱ्या ठरावीक चुकीचा. एका दिशेने सरकत येऊन डायल शून्यावर आणावा, त्याच दिशेने आणखी एक मिलिमीटर पुढे जावे आणि तेवढेच मागे यावे. काटा शून्याच्या जितका अलीकडे थांबेल तितका प्ले, म्हणजेच बॅकलॅश. अंतर कमी असो वा अधिक, ही चूक तेवढीच राहते. प्रणालीत तिची भरपाई करण्याची सोय आहे. पण आधी कपलिंगचा ग्रब स्क्रू, बॉलस्क्रूचे थ्रस्ट बेअरिंग आणि मार्गिकेची जिब तपासावी. संगणकाने भरपाई केली तरी प्ले नाहीसा होत नाही. कापणारे हत्यार स्लाइडला ओढून घेईल तेव्हा ती तेवढी सरकणारच.

तिसरा प्रकार हळूहळू साचत जाणाऱ्या चुकीचा. सकाळी शून्यावर असलेला अक्ष दुपारी शून्यावर नसतो. स्टेपर मोटरने पायऱ्या गमावल्या असा याचा अर्थ. कारण शोधण्यासाठी अक्ष शंभर वेळा पुढेमागे न्यावा आणि डायलवर सरक मोजावी. नंतर तेवढेच एकूण अंतर, पण दिशाबदल कमी करून कापावे. सरक दिशाबदलांच्या संख्येप्रमाणे आणि नेहमी एकाच बाजूला वाढत असेल, तर दोष संकेतांच्या वेळेत आहे. दिशेचा संकेत स्थिर होण्यापूर्वीच स्पंद येत असेल किंवा स्पंदाची धन-ऋण बाजू उलटी लागली असेल. दर दिशाबदलाला एकच स्पंद चुकला तरी ४०० स्पंदांच्या हिशेबाने शंभर बदलांत पाव मिलिमीटर सरक होते. ड्राइव्हच्या पत्रकातील वेळा पाहून त्या मांडणीत भराव्यात. सरक अनियमित असेल तर मात्र प्रवेग अधिक आहे, स्लाइड जड चालते आहे अथवा पट्टा दात सोडतो आहे, असे समजून शोध घ्यावा.

सर्व्हो यंत्रांची खबरदारी

सर्व्हो मोटरला एन्कोडर जोडलेला असल्याने आपण खरोखर कोठे आहोत हे संगणकाला कळते. मात्र एन्कोडरची दिशा उलटी लागली तर चूक कमी होण्याऐवजी वाढत जाते आणि स्लाइड पूर्ण वेगाने टोकाकडे धावते. म्हणून पहिली परीक्षा ड्राइव्हची वीज बंद ठेवून घ्यावी. शाफ्ट हाताने एक फेरा फिरवावा आणि ‘हॅलशो’ या खिडकीत मोजणी पाहावी. १,००० रेषांचा एन्कोडर असेल तर फेऱ्यामागे ४,००० ची मोजणी यावी, आणि धन दिशेला फिरविताना आकडा वाढावा. तो घटत असेल तर मांडणीत चिन्ह बदलावे. त्यानंतरच, शक्यतो मोटर बॉलस्क्रूपासून सोडवून, अगदी थोडी आज्ञा देऊन पाहावी. या वेळी एकाचा हात इमर्जन्सी स्टॉपवर असावा.

पुढे नियंत्रणाचे गुणक ठरवावे लागतात. त्यासाठी ‘हॅलस्कोप’ हे साधन प्रणालीतच मिळते. यंत्र चालू असताना आज्ञा आणि प्रत्यक्ष जागा यांतील अंतर ते आलेखाच्या रूपाने दाखविते. प्रथम ‘पी’ हा गुणक हळूहळू वाढवावा आणि अक्ष थरथरू लागताच मागे घ्यावा. ड्राइव्ह वेगाची आज्ञा घेणारा असेल तर ‘एफएफ १’ हा गुणक योग्य ठेवल्याने चालू गतीतील मागे राहणे बव्हंशी नाहीसे होते. कानाला गोड लागणारा आवाज हा निकष नव्हे. आलेख पाहूनच निर्णय घ्यावा.

विद्युत-बाधेचे दोष

काही दोष मोठे फसवे असतात. स्पिंडल सुरू करताच लिमिट स्विचचा खोटा इशारा येतो, शीतकाचा पंप बंद होताच यंत्र थांबते, वेल्डिंग चालू असताना मोजणी चुकते. अशा वेळी संगणकावर संशय घेण्याऐवजी ‘कशाच्या पाठोपाठ हे घडते?’ असा प्रश्न नोंदवहीला विचारावा.

व्हीएफडीपासून स्पिंडलकडे जाणारी केबल आणि एन्कोडर व स्विच यांच्या तारा एकाच नळीतून नेऊ नयेत. संकेतांच्या तारा जाळीदार आवरणाच्या असाव्यात आणि त्यांचे आवरण सामान्यतः पॅनेलच्या एकाच टोकाला अर्थ करावे. कॉन्टॅक्टरच्या डीसी कॉइलला डायोड आणि एसी कॉइलला आरसी जोड लावावी. स्विचसाठी पाचऐवजी चोवीस व्होल्टचा संकेत वापरल्यास बाधा बरीच कमी होते. प्रणालीत संकेत गाळून घेणारा ‘डीबाउन्स’ नावाचा घटकही आहे. परंतु तो जितका गाळतो तितका खरा इशाराही उशिरा पोहोचवितो. म्हणून तारांची दुरुस्ती आधी करावी व त्याचा आधार शेवटी घ्यावा.

इशारा दडवू नये

या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगावयाची आहे. आज्ञा आणि प्रत्यक्ष जागा यांतील अंतर ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेले की प्रणाली ‘फॉलोइंग एरर’ हा इशारा देऊन यंत्र थांबविते. ही मर्यादा फाइलीतील एका ओळीत असते आणि ती बदलणे अत्यंत सोपे आहे. यातच धोका आहे.

समजा, एका यंत्रावर पाळीत दोनदा हा इशारा येऊ लागला. काम अडले, मागणी वेळेवर द्यावयाची आहे, म्हणून कोणी एक मिलिमीटरची मर्यादा दहा मिलिमीटर केली. इशारा थांबला आणि सर्वांना हायसे वाटले. प्रत्यक्षात तेलाची नळी तुंबल्याने स्लाइड जड झाली होती. आता मार्गिका कोरड्या घासत राहतील आणि मोटर तापत जाईल. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, पुढे कधी एन्कोडरची केबल तुटली तर एक मिलिमीटरच्या फरकावर मिळणारा इशारा आता दहा मिलिमीटरवर मिळेल. तेवढ्या अवधीत हत्यार व्हाइसमध्ये घुसू शकते. आणि तेथे कारागिराचा हात असू शकतो.

म्हणून असा इशारा आला की क्रम पाळावा. वीज बंद करून अक्ष हाताने फिरवून पाहावा. तेल, जिब, पट्टा, कपलिंग तपासावे. नंतर जोडण्या, अर्थिंग, पुरवठ्याचा विद्युतदाब आणि ड्राइव्हवरील दोषांक पाहावा. त्यानंतर संगणकाची वक्तशीरता. ‘अनपेक्षित रिअल टाइम विलंब’ असा संदेश आला असेल तर लेटन्सी टेस्ट पुन्हा घ्यावी. मांडणीच्या फाइली सर्वांत शेवटी. कारण काल जे यंत्र नीट चालत होते आणि ज्याच्या फाइलीला कोणी हात लावलेला नाही, त्याचा आजचा दोष फाइलीत असू शकत नाही. याला अपवाद नव्या मांडणीचा. तेथे प्रथम पाहावे की स्पंद-निर्मितीची प्रवेग-मर्यादा अक्षाच्या प्रवेगापेक्षा थोडी अधिक आहे ना. बॅकलॅशची भरपाई दिली असेल तर ती दीडपट ते दुप्पट असावी लागते.

एका वेळी एकच बदल करावा, तो लिहावा, परिणाम मोजावा आणि उपयोग झाला नाही तर पूर्वस्थितीला यावे. तीन बदल एकदम केल्याने यंत्र सुरू झाले तरी त्यापासून शिकावयास काही मिळत नाही.

प्रशिक्षणाची संधी

लिनक्स सीएनसी प्रणाली यंत्राशिवायही चालते. साध्या संगणकावर ‘सिम्युलेशन’ मांडणी घेऊन जी-कोडचा कार्यक्रम चालविता येतो आणि हत्याराचा मार्ग पडद्यावर पाहता येतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील व तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांना एका यंत्राभोवती गर्दी करण्याऐवजी प्रत्येकी एका संगणकावर सराव करणे त्यामुळे शक्य आहे. शिवाय नियंत्रकाच्या आत काय चालते हे त्यांना उघडून पाहता येते. बंदिस्त नियंत्रकावर ही सोय नसते. लिनक्सची ओळख नसलेल्यांसाठी मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात प्राथमिक पाठ मराठीतूनही तयार झाले आहेत.

‘मुक्त’ याचा अर्थ ‘खर्चावाचून’ असा नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. कार्ड, केबल, स्विच यांवर पैसे लागतात, यंत्र काही आठवडे अडून राहते आणि अडचण आल्यास धावून येणारा कंपनीचा प्रतिनिधी नसतो. त्याच्या जागी लागतो तो कारखान्यातीलच एक जाणता माणूस आणि त्याची नोंदवही. तो माणूस नोकरी सोडून गेला तरी यंत्र चालावे, यासाठी तारांचा आराखडा, फाइलींच्या दोन प्रती आणि नोंदी कारखान्यात राहिल्या पाहिजेत. मालकाने यासाठी आग्रह धरावा.

महाराष्ट्राला कारागिरीची परंपरा आहे. तेलइंजिने दुरुस्त करता करता त्यांचे भाग आणि पुढे संपूर्ण इंजिने घडविणारे कारखाने कोल्हापुरात उभे राहिले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीच्या माळरानावर नांगरांचा कारखाना सुरू झाला. यंत्र उघडून त्याचे मर्म जाणण्याची तीच वृत्ती आज इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक यांच्याकडे वळण्याची आवश्यकता आहे. टर्नर, फिटर, इलेक्ट्रिशियन आणि संगणक जाणणारा तरुण हे चौघे एका यंत्राभोवती बसले, प्रत्येकाने आपल्या हाताखालचा दोष मोजून सांगितला आणि कोणीही इशारा दडविला नाही, तर आज भंगारात निघालेली कित्येक यंत्रे पुन्हा उत्पादनात येऊ शकतील. त्यातून वाचणारा पैसा महत्त्वाचा आहेच. परंतु त्यातून तयार होणारी, दुरुस्तीसाठी परावलंबी न राहणारी कुशल पिढी ही त्याहून मोठी मिळकत ठरेल.